टॉर्क कन्व्हर्टर आणि हायड्रोस्टॅटिक: दोन्हीत तेल, पण वेग ठरवतं कोण?

सोयाबीनचा हंगाम आला की लातूर-औसा पट्ट्यातल्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर येतं: “जेसीबी काय अन् हार्वेस्टर काय, दोन्हीत तेलच चाक फिरवतं.” फिरवतं ना. पण पाणचक्कीही पाण्यानेच फिरते आणि इंजेक्शनची दांडीही पाण्याने ढकलता येते, म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

बॅकहो लोडरमधला टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे पाणचक्की. इंजिन एक पंखा फिरवतं, त्याने फेकलेलं तेल समोरच्या पंख्याच्या पात्यांवर आदळतं, आणि मधल्या स्टेटरमुळे, म्हणजे तेलाला परत वळवणाऱ्या स्थिर पात्यांमुळे, टॉर्क (फिरवण्याची ताकद) वाढतो. 1905 साली जर्मनीत फ्योटिंगर यांनी याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी.

हार्वेस्टरमधलं हायड्रोस्टॅटिक म्हणजे इंजेक्शन, त्यात तेल कोंडलेलं असतं. पिस्टन पंपाने ढकललेलं तेल मोटरमधून जाऊन परत पंपाकडेच येतं. झिरपून कमी होणारं तेल एक छोटा चार्ज पंप भरून काढतो. स्वॉश प्लेट नावाची तिरकी तबकडी हँडलने कलवली की पंपाचा प्रत्येक फेऱ्यातला घोट कमी-जास्त होतो.

गोम आहे ती इथे. लोडरमध्ये वेग ओझं ठरवतं. रेस तेवढीच ठेवली तरी बकेट मातीत रुतली की चाक मंदावतं, शेवटी थांबतं. इंजिन मात्र फिरत राहतं आणि तेल तापतं. हायड्रोस्टॅटिकमध्ये वेग हँडल ठरवतं. काळं रान पावसाने चिखल झालं तरी हँडल जिथे आहे तिथे गाडी जवळपास त्याच वेगाने चालते. वाढतं ते प्रेशर, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडेपर्यंत किंवा इंजिन दबेपर्यंत. म्हणून तर हार्वेस्टरला हे लागतं. पीक दाट आलं की गाडी हळू हवी, पण मळणीचा ड्रम त्याच फेऱ्यांवर हवा. लोडरवरून आलेला ऑपरेटर इथे रेस कमी करतो आणि ड्रम तुंबवून बसतो. रेसला हात लावायचा नाही, हँडल मागे घ्यायचं.

“पंप प्रेशर देतो” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पंप तेल देतो. प्रेशर ओझ्याने येतं. एका मेकॅनिकने माझ्यासमोर हार्वेस्टरची चाकं जॅकवर उचलली, फिरवली, गेज पाहिलं आणि “पंप गेला” म्हणून जाहीर केलं. अहो, हवेत फिरणाऱ्या चाकाला ओझं कसलं? आधी चार्ज प्रेशर, म्हणजे त्या छोट्या चार्ज पंपाचं प्रेशर, बघा. ते साधारण 20-25 बार लागतं. तेच पडलं असेल तर फिल्टरपासून सुरुवात करा.

गाडी आखणाऱ्यानेही हाच क्रम धरावा: आधी ओढ, मग वेग. 100 सीसीच्या, म्हणजे एका फेऱ्याला 100 सीसी तेल घेणाऱ्या मोटरवर 300 बार आले तर हिशेबाने सुमारे 477 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. पंप कितीही मोठा लावा, हा आकडा तसूभर हलत नाही. मोठ्या पंपाने वेग वाढेल. 100 सीसीचा पंप 2000 फेऱ्यांवर मिनिटाला 200 लिटर देतो, म्हणजे तीच मोटर 2000 फेरे फिरेल. गळती धरली तर थोडी कमी.

तेल कोणतं टाकायचं हा वाद मी घालत नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. रोज लांब डांबरी पल्ला मारायचा असेल तर मात्र हायड्रोस्टॅटिक मी कुणालाच सुचवणार नाही, त्यात गिअरपेक्षा डिझेल जास्त जातं. रानात आणि रोड रोलरवर मला दुसरं काही नको.

मांजरसुंब्याच्या घाटात लोडरला न्यूट्रल केलं तर तो सरळ सुटेल. हायड्रोस्टॅटिक रोलरचं हँडल मध्ये आणलं की तो थांबतो, आणि ऑपरेटर खुशाल चहाला जातो. आतली गळती चालूच असते. रोलर मुंगीच्या पावलाने उतरत राहतो. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, मग चहा प्या.