अकरा सेंटिमीटरचा हिशेब

सोलापुरात एप्रिल उजाडला की मैदानावरचा सराव सकाळी आठच्या आत उरकावा लागतो. अशाच एका सकाळी अडथळ्यांवरून धावणाऱ्या शाळकरी मुलींकडे पाहत शेजारी उभे असलेले एक पालक म्हणाले, "उड्या छान मारतात." कौतुक मनापासूनचे होते, परंतु हर्डल्समध्ये उंच उडी हा दोष मानला जातो.

महिलांच्या १०० मीटर शर्यतीत ८३.८ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला प्रारंभरेषेपासून १३ मीटरवर, पुढचे प्रत्येकी ८.५ मीटरवर, आणि शेवटच्यानंतर अंतिम रेषेपर्यंत १०.५ मीटर. दोन अडथळ्यांच्या मधे तीनच पावले टाकायची असल्याने पावलाची लांबी जवळजवळ ठरूनच जाते, त्यामुळे वेग वाढवायचा तो पावले भराभर टाकूनच.

हवेत असताना पायाला रेटा द्यायला जमीन नसते, म्हणून तिथला प्रत्येक क्षण तोट्याचा. शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या क्षणी सारख्याच उंचीवर आहे असे धरले, तर ०.३ सेकंदाच्या उड्डाणात तो सुमारे ११ सेंटिमीटर वर जातो. तोच १६ सेंटिमीटर वर गेला, तर हवेतला वेळ साधारण ०.३६ सेकंद होतो. दहा अडथळ्यांवर हा तोटा ०.६ सेकंदाचा. नायजेरियाच्या टोबी अमुसनचा १२.१२ सेकंदांचा विश्वविक्रम आणि आपल्या ज्योती याराजीने २०२३ मध्ये चेंगडू येथे नोंदवलेली १२.७८ सेकंदांची वेळ यांत ०.६६ सेकंदाचे अंतर आहे. हे सारे अंतर उडीच्या उंचीतूनच आलेले नाही, हे उघड आहे. पण पाच सेंटिमीटरची किंमत त्यावरून कळावी.

गुरुत्वमध्य फारसा न उचलता अडथळा ओलांडण्यासाठी धावपटू पुढचा पाय सरळ समोर फेकते, धड पुढे झुकवते आणि मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूने काढते. हवेत शरीराचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, बदलता येत नसल्याने पायाच्या फिरण्याला विरुद्ध हाताने आणि धडाने तोलावे लागते. तोल चुकला की पाऊल तिरके पडते आणि पुढची तिन्ही पावले बिघडतात. अडथळा चुकून पडला तरी धावपटू बाद होत नाही. गेलेला वेग मात्र परत मिळत नाही.

वाऱ्याची गोष्ट याहून चमत्कारिक. अमुसनने आपला विक्रम २४ जुलै २०२२ रोजी अमेरिकेतील यूजीन येथील जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत केला. त्याच दिवशी अंतिम फेरीत ती १२.०६ सेकंदांत धावली आणि सुवर्णपदकही जिंकली, पण पाठीमागचा वारा सेकंदाला २.५ मीटर होता, आणि विक्रमासाठी मर्यादा २ मीटरची असल्याने ती वेळ विक्रमात धरली गेली नाही. उन्हाला अशी मर्यादा नाही, हे सोलापूरकराला गमतीचे वाटेल, कारण ४० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते आणि विरळ हवा धावणाऱ्याला कमी अडवते.

हर्डल्समध्ये अनुकूल वाराही निव्वळ फायद्याचा नसतो, कारण तो धावपटूला अडथळ्याच्या फार जवळ नेऊन ठेवतो. त्या सकाळी वारा पाठीमागून सुटला तेव्हा एका मुलीचा गुडघा चौथ्या अडथळ्यावर आदळला. प्रशिक्षक लांबूनच ओरडले, "अगं, पाऊल आखूड टाक!"