किडनी बरी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

जंतुसंसर्ग रक्तात पसरला, बीपी फार खाली गेलं किंवा एखादं औषध बाधलं की किडनी काही तासांत, फार तर काही दिवसांत ढेपाळते, आणि ते कळायला आपण बघतो काय, तर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी एरवी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. ते वाढतंच मुळात उशिरा, किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलेलं असलं तरी रिपोर्ट कधीकधी नॉर्मल येतो, म्हणजे डॉक्टरला कळेपर्यंत मार बसून गेलेला असतो.

बोस्टनच्या डॉ. जोसेफ बॉनव्हेंट्र यांचं बरंचसं करिअर याच प्रश्नामागे गेलंय. 1998 मध्ये त्यांच्या टीमनं उंदरांच्या किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवून पाहिलं की मार बसलेल्या पेशी असं काय बनवतात जे धडधाकट पेशी बनवत नाहीत, आणि त्यात सापडलं किम-1 नावाचं प्रोटीन. निरोगी किडनीत ते जवळजवळ नसतंच, इजा झाली की किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींवर उगवतं आणि त्याचा बाहेरचा तुकडा तुटून लघवीत येतो. 2002 मध्ये माणसांच्या लघवीतही ते सापडलं, म्हणजे सुई न टोचता इजेची खूण मिळाली!

मला खरं भारी वाटतं ते 2008 चं काम. किम-1 नुसती खूण नाही, ते काम करतं. ज्या पेशींवर ते असतं त्या शेजारच्या मेलेल्या पेशी गिळून टाकतात, नळीतला कचरा साफ होतो आणि दुरुस्तीला वाट मिळते. मग हे चांगलंच की! पण 2013 मध्ये ज्या उंदरांत किम-1 सतत चालू ठेवलं त्यांच्या किडनीत सूज आली, पुढे जखमेच्या व्रणात असतात तसे तंतू साचून ती निबर झाली, म्हणजे चार दिवस उपयोगी पडणारी गोष्ट कायम राहिली की तीच घात करते. त्याआधी 2010 मध्ये याच ग्रुपनं दाखवलं होतं की जबर मार बसलेल्या काही पेशी विभाजनाच्या मध्येच अडकून पडतात आणि तंतू वाढवणारे सिग्नल सोडत राहतात.

पूर्वी समज असा होता की अचानक झालेली इजा भरून आली की विषय संपला, आता माहितीये की अशा पेशंटला पुढे किडनीचा जुनाट आजार होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून 2012 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स सांगतात की इजेनंतर 3 महिन्यांनी किडनी परत तपासायची, डिस्चार्जच्या वेळी क्रिएटिनिन नॉर्मल आलेलं असलं तरी.