काहील, कील आणि १२१ अंश

पैठण तालुक्यातला माझा भाचा मुंबईत एका ३८ फुटी शिडाच्या बोटीवर काम करतो. घरच्यांना घेऊन चार दिवस समुद्रात राहता यावं आणि शर्यतीतही उतरता यावं, अशी दुहेरी कामाची ही बोट. तिला क्रूझर-रेसर म्हणतात. मागच्या महिन्यात त्याने बोटीच्या मापांचा कागद मोबाइलवर पाठवला आणि विचारलं, "मामा, ह्यावर १२१ अंश लिहिलंय. म्हंजी बोट इतकी कलली तरी उठती का?"

उठते. पण या आकड्यापर्यंत यायला माणसाला साडेतीनशे वर्षं लागली आणि शेकडो जीव गेले.

आधी काहिलीचं सांगतो. नाथसागराच्या फुगवट्यात आमच्या गावाची वाट पावसाळ्यात बुडायची, तेव्हा गुऱ्हाळातली गूळ रटरटवायची काहील आम्हाला पलीकडे न्यायची. ती रुंद आणि बुडाला सपाट. आत पाय ठेवला की जमिनीवर बसल्यासारखं वाटे, जरासुद्धा डुगडुगत नसे. पण काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. "मधी बसा, हलू नका," एवढंच वल्हवणारा म्हणायचा. एकदा दोघं जण एकाच बाजूला सरकले, काठ पाण्याखाली गेला आणि पुढच्या क्षणी काहील पालथी. कंबरभर पाणी होतं म्हणून सगळे वाचलो. जी सहज कलत नाही ती कलल्यावर परत उठेलच असं नाही, हे मला तिथे कळलं.

स्वीडनमध्ये हे १० ऑगस्ट १६२८ रोजी कळलं. 'वासा' ही तिथल्या राजाची नवी युद्धनौका स्टॉकहोम बंदरातून निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडाली. जड तोफा दोन मजल्यांवर चढवल्या होत्या, तळातलं वजन त्यांना पुरं पडलं नाही. ट्रॉलीत ऊस उंच रचला की खड्ड्यात चाक जाताच ती कशी झोके खाते, तेच. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या काठावरून त्या काठावर पळवून पाहिलं होतं. तीन फेऱ्यांतच जहाज एवढं डोलू लागलं की चाचणी थांबवली. तरीही ते निघालं.

हिशेब मांडला पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. पृथ्वीचा आकार मोजायला तो दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात गेला होता आणि जहाजांवरचं बरंचसं लेखन त्याने समुद्रापासून दूर, त्या डोंगरांतच केलं. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना याचं फार अप्रूप वाटतं. १७४६ साली ते छापून आलं. बोट कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो, वजन मात्र जागच्या जागी राहतं, आणि या दोघांमधलं अंतर बोटीला परत उभं करतं, हे त्यात गणिताने आलं. पण ते गणित थोड्या कलण्यापुरतंच होतं.

जास्त कललं तर काय, याचं उत्तर ७ सप्टेंबर १८७०च्या मध्यरात्री मिळालं. ब्रिटिश युद्धनौका 'कॅप्टन' स्पेनजवळ वादळात उलथली आणि सुमारे ४८० माणसं गेली. तिची कल्पना मांडणारे कूपर कोल्सही तिच्यावरच होते. तिचा काठ पाण्यापासून फार खाली होता. सावरण्याची तिची ताकद २१ अंशांपर्यंत वाढत जाई आणि तिथून घसरू लागे. तिच्यासोबतच्या 'मोनार्क'ची ४० अंशांपर्यंत वाढत होती, ती तरली. आमच्या काहिलीचंच हे मोठं रूप. त्यानंतर कलण्याच्या प्रत्येक अंशाला सावरण्याची ताकद किती, हा आलेख जहाजबांधणीत पक्का झाला. तो जिथे शून्याला टेकतो तो कोन म्हणजे भाच्याच्या कागदावरचे १२१ अंश.

शर्यतीच्या बोटींना मात्र समुद्राइतकंच नियमांनी घडवलं. ब्रिटनमध्ये शर्यतीसाठी बोटी मोजायच्या १८५५च्या थेम्स नियमात रुंदीला जबर दंड होता, म्हणून तिथे अरुंद, खोल, तळाशी शिसं ओतलेल्या बोटी आल्या. अमेरिकेत उथळ बंदरांमुळे रुंद आणि उथळ बोटी चालल्या. त्यातली 'मोहॉक' जुलै १८७६ मध्ये न्यूयॉर्कजवळ नांगरावर असतानाच, शिडं चढवलेली असताना, वाऱ्याच्या एका झोताने आडवी झाली. मालक आणि त्याची पत्नी दोघंही बुडाले. पुढे १९७०च्या सुमारास आलेल्या आयओआर या आंतरराष्ट्रीय मापन-नियमात जास्त स्थिर बोटीला तोटा होता, म्हणून रुंद, हलक्या, तळात कमी वजन असलेल्या बोटी निघाल्या.

ऑगस्ट १९७९च्या ब्रिटनमधल्या फास्टनेट या सागरी शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या. वादळात पाच बुडाल्या, २४ सोडून द्याव्या लागल्या, शर्यतीतले १५ खलाशी गेले. नंतरच्या अभ्यासातून कळलं की बोट उलथवते ती फुटणारी लाट, आणि रुंद हलकी बोट पालथी पडली की तशीच पडून राहू शकते. डोलकाठीचं वजन उंचावर असूनही लाटेच्या फटक्याला विरोध करतं, हेही पुढे आलं. काठी मोडली की पुढची लाट बोट सहज फिरवते.

त्याच काळात उलथण्याचा धोका जोखायचं एक साधं सूत्र रूढ झालं. बोटीचं वजन पौंडांत घ्या, ६४ने भागा, घनमूळ काढा आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर दोनपेक्षा कमी हवं. साडेअकरा फूट रुंद, १४ हजार पौंडांच्या बोटीचं १.९१ येतं. पण माझा या सूत्रावर फार भरवसा नाही. शिसं कीलच्या, म्हणजे बोटीखालच्या उभ्या पात्याच्या, तळाशी आहे की वर, हे त्याला दिसतच नाही. युरोपातला नंतरचा 'स्टिक्स' हा स्थिरतेचा निर्देशांक बरंच अधिक पाहतो. खोल समुद्रासाठी तो किमान ३२ लागतो.

वेगाचं गणित यापासून वेगळं काढता येत नाही. पाण्यावरची लांबी ३६ फूट असेल तर बोट स्वतःच्याच लाटेत अडकून आठ नॉटच्या, म्हणजे ताशी आठ सागरी मैलांच्या, आसपास अडखळते. त्या वेगापर्यंत जायलाही शीड ताणून धरायला हवं, आणि शीड तेवढंच ओढू शकतं जेवढं बोटीचं अंग उभं राहू शकतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हे दोन्ही हिशेब एकाच संगणकी गणितात बसवले गेले. कुठल्या वाऱ्यात, कुठल्या कोनात, किती वेग, हे ते सांगू लागलं. फार कललेली बोट सुकाणूशी झगडत पाणी ओढत जाते. तिथे शीड आखडून घेणारा पुढे निघतो.

भाच्याला मी एवढंच विचारलं, की हे १२१ अंश कुठल्या दिवसाचे? त्यानंतर डोलकाठीवर रडार चढलं, पुढचं शीड गुंडाळायचा रोलर बसला, डेकवर रबरी होडी बांधली. पूर्वी कोकणातले खलाशी तळात दगड-वाळूचं नीरम भरत. इथे वजन उलट वर चढत गेलं होतं. "नवीन मोजून घे," म्हटलं.

परवा त्याचा फोटो आला. बंदरातलं निवांत पाणी, बोटीच्या एका बाजूला आडव्या काठीला टांगलेली वजनं, आणि डेकवर आडवी धरलेली पाण्याची पारदर्शक नळी, आपले गवंडी लेव्हल पाहायला वापरतात तशीच. नळीतलं पाणी एका बाजूला किती चढलं, ते तो पट्टीने मोजत होता.