माळ्यावरचा अल्बम आणि मेंदूतली आठवण

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की घराघरांत बांधाबांध सुरू होते आणि माळ्यावरून हमखास एक अल्बम खाली येतो. तलावपाळीला ओळीने उभी केलेली भावंडं, नवी साडी नेसलेली आत्या, कुणाच्या तरी कडेवर रडणारं बाळ. मग तासभर कुणी खोक्यांना हात लावत नाही. हा तास वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही.

अशा हुरहुरीला पूर्वी आजार मानत. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला घरच्या ओढीने खंगणाऱ्या माणसांवर प्रबंध लिहिला होता. २००६ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशुट, कॉन्स्टंटिन सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांना मात्र वेगळंच दिसलं. उदास किंवा एकटं वाटलं की माणूस स्मरणरंजनाकडे वळतो, आणि त्यानंतर आपल्याला आपली माणसं आहेत ही जाणीव वाढते.

एका फोटोने एवढं सगळं का जागं व्हावं? आठवण मेंदूत एका जागी साठवलेली नसते. दृश्य, आवाज, भीती-आनंद यांचे अंश वेगवेगळ्या भागांत असतात आणि त्यांना जोडण्याचं काम हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग करतो. रांगोळीचे चार ठिपके दिसले की सवयीचा हात उरलेली नक्षी पुरी करतो, तसा मेंदू साडीच्या काठावरून अख्खं लग्नघर उभं करतो. आजीला गेल्या दिवाळीपेक्षा लग्नाआधीचा फोटो जास्त बोलका वाटतो, त्यालाही कारण आहे. उतारवयात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणींची गर्दी असते.

पण नक्षी पुरी करताना मेंदू स्वतःच्या पदरचंही भरतो. किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. २० जणांना त्यांचा बालपणीचा फोटो गरम हवेच्या फुग्यात बसवून दाखवला. अशी सफर कधी झालीच नव्हती. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवू’ लागली होती.

दोन वर्षांचे असताना बाबांच्या खांद्यावरून तलाव पाहिल्याचं आपण छातीठोकपणे सांगतो, ती आठवणही बहुधा फोटो आणि आईच्या सांगण्यातून घडलेली असते. मला यात फसवणूक दिसत नाही. घरच्यांनी मिळून घडवलेली ती आठवण आहे. फक्त सालावरून काका आणि आई यांचं जुंपलं, तर दोघांच्या खात्रीपेक्षा फोटोची पार्श्वभूमी तपासावी. तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं दिसत असेल, तर फोटो काही साठच्या दशकातला नाही. ते १९७८ मध्ये सुरू झालं.

आणि हे लवकर करावं, कारण कागदही थांबत नाही. रंगीत फोटोतली रंगद्रव्यं काळाबरोबर, उजेडाने आणि उष्णतेने विटतात, तीही सारख्या वेगाने नाही. म्हणून काही जुने फोटो लालसर झालेले दिसतात. खाडीकाठच्या दमट हवेत वरच्या जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते. चिकट पानांच्या अल्बममधला गोंदही फोटोला घातक. फोटो सहज सुटत नसेल तर ओढू नये, पानासकट स्कॅन करावा. सुट्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहावीत. बॉलपेन दाबून लिहिलं तर वळ पुढच्या बाजूला, थेट चेहऱ्यांवर उमटतात.