वाट सांगता आली पाहिजे

मालवणच्या बंदरात किल्ल्याच्या होडीतून उतरलेला एखादा परदेशी पाहुणा गणवेशातल्या मुलाला इंग्रजीत विचारतो, एसटी स्टँड कुठे आहे? सातवीतल्या त्या मुलाला वाट पाठ असते. लेफ्ट, राइट, नियर हे शब्दही येतात, परीक्षेत रिकाम्या जागा तो बरोबर भरतो. तरी नुसता हात करतो आणि गप्प राहतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हे त्याचं सातवं वर्ष. शिक्षक म्हणून मला ते गप्प राहणं फार टोचतं.

अशा वेळी आपलं पाठ टाचण, म्हणजे तासाआधी लिहिलेली पाठाची आखणी, काढून बघावं. उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘विद्यार्थ्यांना प्रीपोझिशनचा (नियर, ऑपोझिट अशा शब्दांचा) परिचय करून देणे’. परिचय करून देणं हे शिक्षकाचं काम. मुलाला शेवटी काय करता येईल, ते या वाक्यात नाहीच.

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये पाठाची आखणी शेवटाकडून करण्याची पद्धत मांडली. आधी ठरवायचं, मुलाला काय जमायला हवं. मग, ते जमलं हे कशावरून ओळखायचं. उपक्रम, तक्ते, खेळ सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट होतं: तक्ता आधी तयार असतो.

आता टाचण असं होईल: तासाच्या शेवटी मुलगी बंदरापासून एसटी स्टँडपर्यंतची वाट चार वाक्यांत सांगेल. पुरावा? शेजारची मैत्रीण गावाच्या नकाशावर बोट ठेवेल आणि ऐकेल तसं बोट सरकवेल. बोट स्टँडवर पोचलं तर जमलं. एवढं ठरलं की वीस प्रीपोझिशनची यादी आपोआप गळते, पाच-सहा शब्द उरतात. ते चांगलंच आहे. क्षणभर मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी साधारण सात, असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलं होतं. त्याच क्षेत्रातल्या नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला.

पण मुलं अडतात कुठे, हे आधी शोधायला हवं. १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी प्रशिक्षणाचा एक आराखडा तयार झाला. ‘अ‍ॅडी’ या नावाने तो आज ओळखला जातो. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन हे त्याचे पाच टप्पे. त्यातलं पहिलं विश्लेषणच आपण गाळतो, असं माझं ठाम मत आहे.

मराठीत ‘देवळासमोर’, ‘बाजाराजवळ’: आधी जागा, मग समोर-जवळ. इंग्रजीत ‘ऑपोझिट’ आधी, देऊळ नंतर. मराठीत ‘बाजाराकडे डावीकडे वळ’, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ‘टर्न’ने सुरुवात. मूल ‘मार्केट लेफ्ट टर्न’ म्हणतं तेव्हा ते मराठीचा क्रम इमानाने पाळत असतं. त्यात कित्येक घरांत बोली मालवणी, म्हणजे पुस्तकातली मराठीही शाळेतच शिकलेली. हे कळलं की लाल शाईने खोडण्याऐवजी दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहावीशी वाटतात. कोणता शब्द कुठून कुठे गेला, ते मुलं स्वतः बाण काढून दाखवतात. तासातली सर्वांत जास्त मिनिटं मी इथे देईन.

शिकलेलं टिकतं का, हा प्रश्न उरतोच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे.

म्हणून पुढच्या सोमवारी, हजेरी झाल्या झाल्या, नकाशा न देता तीच वाट उलटी विचारायची: स्टँडवरून बंदर. लेफ्टचं राइट होतं, ‘ऑपोझिट’ आहे तसंच राहतं.