धोट्याच्या आवाजातली बोली: लँकशायरच्या कामगार-वाङ्मयाची पार्श्वभूमी

लँकशायर या वायव्य इंग्लंडमधल्या परगण्याची बोली छापील पानावर पहिल्यांदा गाजली ती लोकांना हसवण्यासाठी. रॉचडेलजवळच्या मिलन्रो गावचे शाळामास्तर जॉन कॉलियर यांनी 1746 मध्ये ‘टिम बॉबिन’ या टोपणनावाने टमस आणि मेरी या दोन खेडवळ माणसांचा संवाद छापला. भोळ्या टमसवर एकामागून एक संकटं येतात आणि वाचणारा हसत सुटतो, असं त्याचं स्वरूप. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. बोली ही अडाण्यांची आणि ती वाचायची करमणुकीसाठी, हा शिक्का तेव्हाच बसला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच बोलीत विणकर स्वतःच्या उपासमारीबद्दल लिहू लागले. मधल्या काळात काय घडलं हे ठाऊक नसेल तर हे सगळं लेखन ‘गमतीदार लोकगीतं’ म्हणून बाजूला पडतं. तो मोठा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मधल्या काळात हातमाग गेला आणि गिरणी आली. नेपोलियनशी चाललेली युद्धं संपल्यानंतर हातमागावरच्या विणकरांची मजुरी घसरत गेली. त्या हलाखीची गाणी एका कागदावर छापून रस्त्यात, बाजारात गाऊन विकली जात. त्यांतलंच ओल्डहॅमच्या विणकराचं एक गाणं एलिझाबेथ गॅस्केल यांनी 1848 च्या आपल्या ‘मेरी बार्टन’ या कादंबरीत घेतलं. त्यांचे पती विल्यम गॅस्केल मँचेस्टरमध्ये धर्मोपदेशक होते. त्यांनी लँकशायरच्या बोलीवर दोन व्याख्यानं दिली आणि गिरणीतले लोक बोलतात ते शब्द चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काळापासून चालत आलेले आहेत, हे दाखवून दिलं. ही व्याख्यानं 1854 मध्ये त्या कादंबरीच्याच नव्या आवृत्तीला जोडून छापली गेली. बोली म्हणजे बिघडलेली इंग्रजी, हा समज खोडून काढण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयत्न होता.

खरं दार मात्र एका करामुळे उघडलं. वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर 1855 मध्ये उठला. पेनीत मिळणारी स्थानिक पत्रं गावोगाव निघाली, आणि त्यांना स्थानिक मजकूर हवाच होता. दुसऱ्याच वर्षी रॉचडेलचे एडविन वॉ यांची एक कविता मँचेस्टरच्या पत्रात आली. कवितेत बायको नवऱ्याला विनवते, ‘घरी ये, पोरं वाट बघतायत, मीही बघतेय.’ वॉ मोच्याचे चिरंजीव, छापखान्यात उमेदवारी केलेले. ही कविता सुट्या पानावर छापून हजारोंनी विकली गेली. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य दानशूर बाईंनी तर गरिबांत वाटण्यासाठी तिच्या हजारो प्रती मागवल्या. त्यांना ती का आवडली हे उघड आहे. नवऱ्याने गुत्त्यात न बसता घरी यावं, ही शिकवण मालकवर्गाला सोयीचीच होती. बोलीला प्रतिष्ठा मिळाली खरी, पण चूल, पाळणा आणि शेजार यांच्यापुरती. संप, मजुरी, मालक हे विषय त्या प्रतिष्ठेत बसत नव्हते.

ही चौकट कापसाच्या टंचाईने हलवली.

अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली. लँकशायरला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे पाऊण हिस्सा तिथून येत असे. गिरण्या बंद पडल्या. 1862 च्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. सॅम्युअल लेकॉक हे त्या वेळी स्टेलीब्रिजमध्ये राहत होते. जन्म यॉर्कशायरमधल्या मार्सडनचा, नवव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत, पुढे यंत्रमागावर विणकर. त्यांनी पहिली कविता लिहिली ती सुताच्या कांड्यांसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर, सोबतच्या एका कामगाराला उद्देशून. टंचाईत त्यांचंही काम गेलं. मग ते एकेक कविता स्थानिक पत्रांत देऊ लागले. त्या सुट्या पानांवरही निघाल्या, लोकांनी त्या पाठ केल्या आणि चालीवर म्हटल्या.

त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कविता नुकत्याच जन्मलेल्या बाळाशी बोलते. बाप म्हणतो, ये रे चिमण्या पाखरा, पण नेमका आत्ताच यायला नको होतास, दिवस वाईट आहेत. आपल्या ज्योला दुधात कुस्करलेला पावसुद्धा पुरत नाही; पण ते तुला कुठे ठाऊक असणार, बाळा? घरात आधीच दोन-तीन पोरं आहेत, तरी तुलाही जागा करू. माझ्या छातीशी सरक, मी तुझा बाप आहे. या कवितेत कोणाची गंमत केलेली नाही आणि कोणाला उपदेशही नाही. टमसच्या बोलीत असा बाप बोलू शकतो, हे तोवर छापील पानावर इतक्या थेटपणे कोणी दाखवलं नव्हतं.

लेकॉक यांची दुसरी कविता आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम वाचावी, कारण तिच्यातला कापूस आपल्याकडचा आहे. अमेरिकेचा माल थांबल्यावर ज्या गिरण्या चालू राहिल्या त्यांना हिंदुस्थानी कापूस घ्यावा लागला. पश्चिम हिंदुस्थानातून मुंबई बंदरातून जाणाऱ्या या मालाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, मग तो गुजरातचा असो की खानदेश-वऱ्हाडचा. त्याचा धागा आखूड आणि मालात कचरा फार. यंत्रं अमेरिकन कापसाच्या बेताची होती. सूत सारखं तुटे, विणकर ते जोडत बसे आणि मजुरी मात्र विणलेल्या कापडावर. म्हणजे कष्ट दुप्पट आणि हातात पैसे कमी. लेकॉक यांचा विणकर वैतागून म्हणतो, पाठ मोडली, बोटं सोलवटली, हा सुरत बघून बघून डोळे जायची वेळ आली. अमेरिकेतल्या लोकांनी आमची उपासमार एकदा डोळ्यांनी पाहिली, तर भांडण मिटवून ते कापूस धाडतील. प्रार्थनेत ‘देवा, कापूस दे, पण सुरत नको’ असं कोणीतरी म्हटल्याची आठवणही लँकशायरमध्ये सांगतात.

इकडे त्याच चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता. कापसाच्या भावावर कंपन्या आणि बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना झाल्या आणि 1865 मध्ये युद्ध थांबताच सगळं कोसळलं. मुंबईतली तेजी आणि स्टेलीब्रिजमधली भूक एकाच युद्धातून निघाली होती. स्टेलीब्रिजमध्ये मार्च 1863 मध्ये मदत समितीने रोख पैशांऐवजी दुकानातून माल घेण्याच्या चिठ्ठ्या द्यायचं ठरवलं तेव्हा दंगल उसळली. लेकॉक यांच्या कवितांमागे हे ताजं वास्तव आहे.

पुढच्या काळात ही धारा पसरली. फेल्सवर्थचे बेन ब्रायर्ली स्वतःचं नियतकालिक चालवू लागले आणि मँचेस्टरच्या नगरपालिकेवरही निवडून आले. शेजारच्या यॉर्कशायरमध्ये हॅलिफॅक्सच्या जॉन हार्टली यांचं बोलीतलं पंचांगवजा वार्षिक घराघरांत गेलं. ईशान्येला टाइन नदीकाठी खाणकामगारांची गाणी जोरात होती, पण तो वेगळा विषय आहे.

मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती बोल्टनच्या ॲलन क्लार्क यांची. आईवडील गिरणीत, आणि हे स्वतः लहानपणी अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. अशी हजारो मुलं वर्गात पेंगत बसत. क्लार्क यांनी ‘टेडी ॲश्टन’ या नावाने बोलीतल्या विनोदी गोष्टी लिहिल्या आणि 1896 पासून बारा वर्षं आपलं साप्ताहिक चालवलं. हसण्यासाठी ते विकत घेणारा वाचक पुढच्याच पानावर मुलांच्या मजुरीविरुद्धचा आणि समाजवादाचा मजकूर वाचत असे. त्यांचं 1899 चं कारखानदारीच्या परिणामांवरचं पुस्तक प्रमाण इंग्रजीत आहे, पण त्यातला राग बोल्टनचाच. टिम बॉबिनने बसवलेला विनोदाचा शिक्का क्लार्क यांनी पुसला नाही, उलट तो कामाला लावला.

दरम्यान 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर गावोगाव सार्वजनिक शाळा उघडल्या आणि शाळेत बोली चुकीची ठरली. मुलांना वाचता येऊ लागलं, पण आईवडिलांची भाषा वाचायची लाज वाटू लागली. गिरण्यांत मात्र बोली टिकली. माग इतके कर्कश चालत की बायका एकमेकींचे ओठ वाचून, तोंडाच्या ठळक हालचाली करून बोलत.

याच काळात जोसेफ राइट यांचं काम उभं राहिलं. यॉर्कशायरमधला हा मुलगा सातव्या वर्षाच्या सुमारास सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेली बॉबिनं काढायच्या कामाला लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो जर्मनीत शिकला आणि ऑक्सफर्डमध्ये भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यांचा इंग्रजी बोलींचा कोश 1898 ते 1905 या काळात सहा खंडांत निघाला, आणि शब्दांचे दाखले म्हणून त्यात वॉ, ब्रायर्ली आणि हार्टली यांची वाक्यं आली.

अलीकडे एक्सेटर विद्यापीठाने कापूस-टंचाईच्या काळातल्या कविता स्थानिक वर्तमानपत्रांतून शोधून इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. काही बोलीत आहेत, काही प्रमाण इंग्रजीत, आणि अनेकींखाली कवीचं नावच नाही. ज्यांना लेकॉक यांच्यापलीकडे जायचं आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी, आणि बोलीतल्या ओळी मोठ्याने वाचाव्यात. डोळ्यांना अडणारं स्पेलिंग कानाला लगेच कळतं, कारण ते मुळात ऐकण्यासाठीच लिहिलेलं आहे.