सांधे दुखायचे थांबले, तरी इंजेक्शन का?

“सांधे दुखायचे थांबले की रूमॅटिक ताप गेला, पेनिसिलीनची इंजेक्शनं बंद करा.” मुंबईच्या चाळींतून हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आईला तो पटतो यात नवल नाही. ते पांढरं, दाट औषध खुब्यात शिरताना पोर खरंच कळवळतं.

पण खरा धोका सांध्यांत नाही. आधी घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग होतो. दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट असं दुखणं फिरतं आणि ओसरतं. सांध्यांत सहसा काही उरत नाही, झडपेवर मात्र व्रण राहू शकतो. पुन्हा तसा संसर्ग झाला, की तीच झडप आणखी बिघडते. इंजेक्शन आहे ते हा पुढचा संसर्ग अडवायला. त्याचा असर तीन-चार आठवडेच टिकतो, म्हणून कार्डावरची तारीख चुकवायची नाही.

किती वर्षं? हृदयाला इजा नसली तरी किमान ५. झडप खराब असेल तर वयाच्या ४० पर्यंत, कधी आयुष्यभर.

पडताळायचं असेल तर टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. झडप गळते की अरुंद झालीय, ते त्यात दिसतं. नुसत्या एएसओ या रक्ततपासणीच्या आकड्यावरून काही ठरवू नका, तो फक्त घशाचा संसर्ग होऊन गेल्याचं सांगतो. आणि दुखणं सोसवत नसेल, तर औषधात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मिसळता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.